तीस-साठचा गुण्या

कुंदाताई परब स्टुलावर बसलेली मी कधी पाहिली नाही. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात अकरा बोर्ड होते आणि प्रत्येक बोर्डामागे एक उंच लोखंडी स्टूल. तिच्या स्टुलावर जेवणाचा डबा, पर्स आणि पावसाळ्यात वाळत घातलेली छत्री. ती स्वतः उभी. तेही एका जागी नव्हे. दोन रेघा मारायच्या, बोर्डाला वळसा घालायचा, पलीकडून कागदाकडे उलटं बघायचं, परत यायचं, तिसरी रेघ. मधेच खिडकीशी. मधेच माझ्या बोर्डाशी येऊन, काही न बोलता, माझ्या कागदावरचा केस फुंकून टाकायचा आणि चालू पडायचं. दिवसाकाठी ती त्या हॉलमध्ये किती चालत असेल देव जाणे. शेजारच्या बोर्डवरचे लोक कुरकुरायचे, बाई, डोळ्यांपुढून सारख्या जाऊ नका. ती हो म्हणायची आणि पुढच्या मिनिटाला परत तिथूनच जायची.

मी मुलुंडच्या त्या कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कारखान्यात मोठमोठ्या टाक्या, शिड्या, चिमण्या बनत. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने ड्रॉइंग काढणार, आम्ही ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद ताणून तेच शाईने उतरवणार. मग त्या कागदावरून अमोनियाच्या मशीनवर प्रिंटा निघणार आणि त्या खाली शॉपमध्ये जाणार. ट्रेसरने आहे तसं उतरवायचं, डोकं चालवायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. सांगणारे होते आमचे चीफ ड्राफ्ट्समन दातारसाहेब. आणि ते ऐकून पलीकडच्या बोर्डवर जी बाई हसली, ती कुंदाताई.

त्याच दुपारी तिने मला बोलावलं, हातात दोन गुण्ये दिले आणि पंचाहत्तर अंशांचा कोन काढायला सांगितला. ऑफिसात सगळे ‘सेट स्क्वेअर’ म्हणत, ती शाळेतल्यासारखं गुण्याच म्हणायची. एक पंचेचाळीसचा, एक तीस-साठचा. मी पर्समधून कोनमापक काढला. तिने तो माझ्या हातातून घेऊन खणात टाकला आणि खण लावला. मग मला कळेना काय करायचं. ती बोर्डाभोवती दोन फेऱ्या मारून आली, तरी माझं काही नाही. शेवटी तिने पंचेचाळीसच्या गुण्यावर तीस-साठचा टेकवला, दोघांचे कोन जोडले आणि रेघ मारून दाखवली. पंचेचाळीस आणि तीस. इतकं सोपं होतं की मला रडूच आलं. कुंदाताई म्हणाली, “रडतेस कसली? मला तर आठवडा लागला होता.”

मी तिला तुम्ही म्हणत होते. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, मी काय तुझी सासू आहे? तेव्हापासून कुंदाताई आणि तू.

ती वाकोल्याला राहायची. वडील गिरणीत विणकर, मूळचे कणकवलीकडचे. घरी आई, वडील, धाकटा भाऊ, तोही गिरणीत. वाकोल्याहून कुर्ल्यापर्यंत बस, तिथून मुलुंड, मग चालत कारखाना, आणि तरी ती सगळ्यांच्या आधी हजर. मी एकदा विचारलं, एवढ्या लवकर येऊन करतेस काय? म्हणाली, गुण्ये धुते. आणि खरोखर धुवायची. कोमट पाण्यात साबण घालून, बोटांनी चोळून, मग जुन्या मऊ साडीच्या तुकड्याने पुसायची. गुण्याच्या कडेला शाईचा मळ असला की तो कागदावर फिरतो आणि सगळ्या ड्रॉइंगवर राखाडी सावली धरते, असं तिचं म्हणणं. कागदावर ती चिमूटभर टाल्कम पावडर टाकून हाताने फिरवायची, त्यामुळे तिच्या अंगाला कायम पावडरचा नि अमोनियाचा असा एकत्र वास.

गुण्या विकत घ्यायला तिच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. मुलुंड स्टेशनजवळ एका शेठचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. जूनच्या गर्दीत, आयाबाया पोरांच्या शाळेच्या याद्या घेऊन उभ्या असताना, ती शेठला सगळा खोका काढायला लावायची. मग काउंटरवर वही उघडून एक आडवी रेघ. त्या रेघेवर गुण्या उभा करून एक उभी रेघ. मग गुण्या उलटा करायचा, पालथा, आणि त्याच जागेवरून पुन्हा उभी रेघ. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा. वरच्या टोकाला जरा जरी फाकल्या तरी गुण्या खोटा. खोक्यातले बरेचसे खोटे निघायचे. शेठ वैतागून म्हणाला, बेन, शाळेची पोरं हेच घेऊन जातात, आजपर्यंत एकाची तक्रार नाही. कुंदाताई म्हणाली, “त्यांना कुठे कळतंय की गुण्या चुकलाय? त्यांना वाटतं, आपणच चुकलो.” आणि बाजूला काढलेले सगळे तिने शेठला परत पाठवायला लावले. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा शेठने स्वतः आधीच उलटसुलट करून पाहिलेले चार गुण्ये तिच्यासाठी वेगळे ठेवले होते. तिने ते चारही पुन्हा तपासले. एक खोटा निघाला. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तिचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं: रेघ थांबली की डाग पडतो. शाईचं पेन कागदावर टेकवलं की चालत राहायचं. मधे विचार करत थांबलात की त्या जागी शाईचा थेंब जमतो, मग तो वाळेपर्यंत थांबा, अर्ध्या ब्लेडने खरवडा, कागद पातळ होतो. तिची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात जायची. मला वाटतं, तिला स्वतःलाही तीच भीती होती. थांबलो तर काहीतरी साचेल अशी. गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील आणि भाऊ दोघंही घरी बसले, त्या दिवसांत तर ती बोर्डाशी सलग पाच मिनिटं टिकत नसे. घरी भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून असतो, असं तिने एकदाच सांगितलं आणि खिडकीकडे गेली. परत आली ती, माझ्या लेटरिंगमधला पाचाचा आकडा कसा वाकडा आहे हे सांगत.

दातारसाहेबांविषयी ती वेगळ्या आवाजात बोलायची. अठराव्या वर्षी ती कारखान्यात आली ती प्रिंट काढायच्या खोलीत. दिवसभर अमोनियाच्या वासात उभं राहायचं, प्रिंटांच्या घड्या घालायच्या. जेवणाच्या सुट्टीत ती वाया गेलेल्या प्रिंटांच्या पाठीमागे पेन्सिलीने ड्रॉइंगं उतरवायची, नुसत्या हाताने. साहेबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी आपले जुने दोन गुण्ये तिच्यापुढे ठेवले. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत शिकवलं आणि मग मॅनेजरशी भांडून तिला हॉलमध्ये आणलं. त्याआधी प्रिंटच्या खोलीतून कुणी वर आलं नव्हतं, आणि बाई तर नाहीच.

साहेब मुलुंड पूर्वेला राहत, आताशा दुपारी जेवायला घरी जात. सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला चार पेन्सिली, बोलणं मोजकं. सगळ्यांना अहोजाहो, फक्त तिला “कुंदा” आणि तू. त्यांची ड्रॉइंगं म्हणजे नमुना, असं जुने लोक सांगत. मी आले तेव्हा मात्र मला त्यात नमुना काही दिसेना. कोपऱ्यात रेघा भेटत नसत, एखादी पुढे निघून जाई. तीनचा आकडा आठसारखा. मी नवी, मला वाटलं मलाच समजत नाही. पण साहेबांची सगळी ड्रॉइंगं ट्रेसिंगला कुंदाताईकडेच जात, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर पडलं तर ती येऊन उचलून नेई. एक दिवस माझ्याकडे आलेलं तिने असंच नेलं आणि संध्याकाळी मी तिची ट्रेसिंग त्या पेन्सिलीच्या कागदावर ठेवून पाहिली. कोपरे भेटले होते. दोन मापं बदलली होती. एक भोक, जे साहेब काढायला विसरले होते, ते तिथे होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला.

“कोणाला बोलायचं नाही,” ती म्हणाली. “दीड वर्ष राहिलंय त्यांचं रिटायर व्हायला.”

मोतीबिंदू होता. साहेबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. तिनेच ओळखलं होतं, ते गुण्या कागदावर बोटांनी चाचपून लावायला लागले तेव्हा. मी म्हटलं, ऑपरेशन का करत नाहीत? ती म्हणाली, करतील, पण मग महिनाभर रजा, जाड भिंगाचा चष्मा, आणि चष्मा पाहून मॅनेजर त्यांना बोर्डवर बसू देईल का? साहेबांना भीती होती आणि तिला ती भीती कळत होती. म्हणून ती दोन माणसांचं काम एका पगारात करत होती आणि वरून, ट्रेसरने डोकं चालवायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकून हसत होती.

मग ते टाकीचं काम आलं.

ठाण्याच्या पलीकडच्या एका केमिकल कारखान्यासाठी उंच टाकी होती. तिच्याभोवती, तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर, माणसांना फिरायला गोल जाळीचा रस्ता. तो रस्ता धरून ठेवायला टाकीच्या अंगाला ब्रॅकेट, घरात फळीखाली असतात तसेच, फक्त मोठे. एक आडवा हात आणि त्याच्याखाली तिरका टेकू. हा टेकू जितका उभा, तितका तो वजन चांगलं पेलतो. जितका आडवा पडेल, तितका तोच बोजा पेलताना त्याच्यावर जोर जास्त येतो. इंजिनीअरच्या हिशेबात टेकूचा टाकीशी कोन तीस अंशांचा होता, म्हणजे आडव्या हाताशी साठ. साहेबांनी तीस वाचले आणि ते आडव्या हाताशी काढले. गुण्या तोच, तीस-साठचाच. फक्त तो दुसऱ्या अंगावर ठेवला गेला.

कुंदाताईने ट्रेसिंग सुरू केली तो सोमवार होता. मंगळवारी ती माझ्या बोर्डाशी तीनदा आली आणि गेली. चौथ्यांदा आली तेव्हा म्हणाली, माझा हात अडखळतोय. आजवर असे ब्रॅकेट तिने खूप उतरवले होते आणि दर वेळी तिचा गुण्या उभा धरलेला असायचा. या वेळी तो आडवा पडला होता. ती खाली जाऊन जुन्या कामाच्या प्रिंटा काढून आली. सगळीकडे साठ.

रेघ जुळवणं वेगळं आणि हे वेगळं. हे गुपचूप दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं. टेकूची लांबी बदलणार, कापायच्या पट्ट्यांची यादी बदलणार, टाकीवरच्या खुणा बदलणार. ती साहेबांकडे गेली. मी दूर होते, ऐकू आलं नाही, पण तिने बोट ठेवून दाखवलेलं दिसलं, आणि साहेबांनी कागद ट्यूबलाइटकडे धरून, डोळे बारीक करून पाहिलेलंही दिसलं. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. साहेब म्हणाले होते, आहे तेच उतरव.

बुधवारी तिने ट्रेसिंग पूर्ण केली, आहे तशी. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत: कुणी काढलं, कुणी उतरवलं, कुणी तपासलं. तिन्ही सह्यांशिवाय प्रिंट खाली जात नसे. काढलं, तिथे साहेबांची सही. कुंदाताईने मधली चौकट कोरी सोडली आणि कागद तपासायला साहेबांकडे दिला. मला वाटतं तिची कल्पना अशी होती की ते कोरी चौकट पाहतील, तिला बोलावतील, आणि मग दोघांत बोलणं होईल. साहेबांनी तिसऱ्या चौकटीत सही केली. शेजारची कोरी चौकट त्यांना दिसलीच नाही.

तेव्हा ती घाबरली. त्याआधी तिने मनाशी धरलं असेल की साहेबांना थोडं कमी दिसतं. आता कळलं, किती कमी दिसतं.

कोरी चौकट म्हणून प्रिंटच्या खोलीतून कागद परत आला. तो तिने आपल्या खणात ठेवला. गुरुवारी शॉपमधून विचारणा झाली. ती म्हणाली, शाई ओली आहे. शुक्रवारीही शाईच ओली. जेवणाच्या सुट्टीत ती गायब व्हायची आणि घामाघूम होऊन परत यायची. कुठे गेली होतीस, तर म्हणे, चालायला. तिला मी त्या दिवसांत एकदाच तिच्या बोलीत बोलताना ऐकलं, स्वतःशीच, हात धुताना. “माका नाय जमाचा ह्यां.” मला पाहून तिने नळ मोठा केला.

शनिवारी सकाळी मॅनेजर स्वतः वर आले. हॉलमध्ये सगळे होते. त्यांनी मोठ्याने विचारलं की पत्रा येऊन पडलाय, माणसं बसून आहेत, ड्रॉइंग कुणाच्या खणात आहे? कुंदाताईने ते काढून त्यांच्यापुढे पसरलं. म्हणाली, “माझी सही होणार नाही. इथे साठ पाहिजे, तीस काढलंय.”

ट्रेसरला काय कळतं, असं मॅनेजर म्हणाले नाहीत, पण तसं पाहिलं जरूर. मग त्यांनी हिशेबाचा कागद मागवला आणि तो वाचायला साहेबांच्या हातात दिला. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. चीफ ड्राफ्ट्समन तेच होते, त्यांनाच विचारणार. साहेबांनी कागद घेतला. जवळ धरला, लांब धरला. ट्यूबलाइटकडे वळले. आम्ही सगळे उभे. खाली ग्राइंडिंग चालू होतं त्याचा आवाज येत होता. साहेब बोलले, “तीस.” मॅनेजरनी विचारलं, कशाशी तीस? साहेबांनी पुन्हा कागद वर केला, आणि त्यांचं बोट जिथे होतं तिथे काही लिहिलेलंच नव्हतं, कोनाचा आकडा चार बोटं खाली होता. हे मॅनेजरना दिसलं. आम्हा सगळ्यांना दिसलं.

कुंदाताई भिंतीकडे बघत होती.

साहेबांनी कागद बोर्डवर ठेवला. चारही पेन्सिली खिशातून काढून खणात ठेवल्या. मग कुंदाताईला म्हणाले, इतकंच, “तुला गुण्या धरायला मी शिकवलं, कुंदा.” आणि जिना उतरून गेले. ते परत आले नाहीत. आधी रजा आली, मग मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज.

त्या आठवड्यात ती मला म्हणाली, मला कोन सांगायचा होता गं, त्यांचे डोळे नव्हते सांगायचे. आपण दुसरं काय करू शकलो असतो हे ती पुन्हा पुन्हा मांडून बघायची. मॅनेजरला एकटं गाठलं असतं तर. इंजिनीअरला चिठ्ठी पाठवली असती तर. प्रत्येक वेळी शेवट तोच येई आणि ती पुन्हा चालू लागे. ऑफिसात दोन तट पडले. काही म्हणाले, बाईने माणसं वाचवली. काही म्हणाले, बाईने खुर्ची मिळवली. कारण साहेबांच्या जागी दोन महिन्यांनी तिलाच ड्राफ्ट्समन केलं. तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं, निदान लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. ती म्हणाली, घरात मी एकटी कमावते आणि काम मला येतं, मग नाही का म्हणू? तिचं बरोबर होतं. पण साहेबांच्या बोर्डवर ती गेली नाही. आपल्याच बोर्डवर राहिली आणि तो बोर्ड दुसऱ्या कुणाला दिला गेला.

एके दुपारी ती म्हणाली, चल माझ्याबरोबर. आम्ही पूल ओलांडून मुलुंड पूर्वेला गेलो. एका तीन मजली सोसायटीच्या फाटकाशी ती थांबली, वर गॅलरीकडे बघितलं, आणि वळून भराभर परत निघाली. मी मागून धावत. कोणाचं घर, हे मी विचारलं नाही. नंतर आणखी तीन-चार वेळा आम्ही असंच गेलो आणि फाटकावरून परत आलो.

पावसाळा संपता संपता साहेबांच्या बायकोचा निरोप आला. ऑपरेशन झालंय, येऊन जा. कुंदाताईने मला सोबत नेलं. या वेळी ती फाटकाशी थांबली नाही, थांबली असती तर गेली नसती. दोन-दोन पायऱ्या चढून गेली. काकूंनी दार उघडलं. साहेब खिडकीजवळ खुर्चीत होते. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे आणि अनोळखी दिसत होते. बस म्हणाले. मी बसले. ती उभीच.

काकूंनी कोकम सरबत आणून दिलं. मग साहेब म्हणाले, “तीन दिवस तो कागद खणात दाबून बसलीस. मला घरी येऊन सांगता आलं नसतं?”

“आले होते,” ती म्हणाली. “गुरुवारी, शुक्रवारी. दोन्ही दिवस खालून परत गेले.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“वर यायला हवं होतंस.”

“हो,” ती म्हणाली.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि तिने माफी मागितलीही नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, टाकी उभी राहिली का? राहिली, ती म्हणाली, आणि मग तिने सांगितलं, जे मलाही माहीत नव्हतं. रविवारी ती एकटी ठाण्याच्या पलीकडे गेली होती. इतकी वर्षं कागदावर टाक्या काढून तिने एकही उभी राहिलेली पाहिली नव्हती. साइटवरच्या सुपरवायझरला आपण ड्रॉइंग ऑफिसातल्या आहोत हे पटवायला तिला अर्धा तास लागला. मग पदर खोचून ती शिडीने वर चढली आणि त्या जाळीवरून टाकीला फेरी मारली. एक मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला खालून सुपरवायझर ओरडायला लागला, बाई, देवळात आलात का? हे ऐकून साहेब हसले. काकू आतून बघायला आल्या, इतक्या दिवसांत ते हसले नव्हते म्हणून. साहेबांनी मग तिला खोदून खोदून विचारलं. वेल्डिंग कसं होतं, जाळी वाजत होती का, कठडा किती उंच घेतलाय. ती खिडकी ते दार फेऱ्या मारत सांगत होती. निघताना त्यांनी तिला पुढच्या रविवारी यायला सांगितलं. ती जात राहिली, हे मला माहीत आहे. पण जिना उतरताना तिने मला विचारलं, ते हसले ते खरं की माझ्यासाठी?

वर्षभराने माझं लग्न झालं आणि मी बोरिवलीला गेले. नोकरी सुटली. आधी पत्रं झाली, मग दिवाळीची कार्डं, मग तीही थांबली. कारखाना पुढे पार लांब हलला आणि तिने सोडला एवढं कळलं.

दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या नणंदेच्या सासरी वाकोल्याला बारसं होतं. परतताना एका गल्लीत मंडळाच्या हॉलचं दार उघडं दिसलं आणि आतून ओळखीचा आवाज आला. मी दाराशी गेले. आत जमिनीवर सतरंज्या, त्यावर पंचवीस-तीस पुरुष मांडी घालून, पुढ्यात पाट उलटे टाकून त्यांवर कागद ताणलेले. बहुतेकांचे केस पिकलेले. गिरण्यांतून सुटलेली माणसं असावीत, ड्रॉइंग वाचता आलं तर वर्कशॉपमध्ये काम मिळेल म्हणून आलेली. कुंदाताईचा भाऊ पहिल्या रांगेत होता, तिच्यासारख्या चेहऱ्यावरून मी ओळखला. फळ्यावर गोल टाकी आणि तिचा जिना खडूने काढलेला. कुंदाताई रांगांमधून फिरत होती. केस बरेच पांढरे झाले होते, साडी वर खोचलेली, हाताला खडू. कुणाचं मनगट धरून वळवत होती, कुणाचा कागद उलटा करून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, बाई, माझी बोटं सुताला सवकलेली, ती या कामाची नाहीत. ती त्याच्याशेजारी उकिडवी झाली आणि म्हणाली, “बाबा, तुटलेला धागा तुम्ही डोळे मिटून शोधायचात. ही तर सरळ रेघ आहे.”

उठताना तिला मी दिसले. तिचा चेहरा उजळला. तिने हाताचा पंजा वर करून दाखवला, पाच मिनिटं, आणि म्हाताऱ्याच्या मागच्या माणसाकडे वळली. मी दाराशी थांबले. पाचाची पंधरा झाली. ती एकदा माझ्या बाजूला यायला निघाली, पण वाटेत कुणीतरी कागद वर केला. परत एकदा पंजा दाखवला. माझ्या कडेवर मुलगी झोपली होती, खांदा दुखत होता, आणि नणंदेचे दीर बस चुकेल म्हणून गल्लीच्या तोंडाशी हाका मारत होते. मी आणखी थोडा वेळ थांबले. मग ती फळ्याकडे तोंड करून, हात डोक्यापेक्षा वर नेऊन, टाकीचं झाकण काढत होती तेव्हा निघाले. तिला सांगून निघायला हवं होतं, पण तिला मधेच थांबवणं माझ्या जिवावर आलं.